कॅप्टन आयझॅक डेव्हिस आणि नॉर्थ ब्रिज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयझॅक डेव्हिस कोण होता?

मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टन गावचा बंदूक कारागीर. जन्म २३ फेब्रुवारी १७४५. बंदुका घडवणे आणि दुरुस्त करणे हा त्याचा धंदा होता. गावाने स्वयंसेवकांची जी तुकडी उभी केली तिचा तो कॅप्टन झाला आणि १९ एप्रिल १७७५ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, शेजारच्या कॉन्कर्ड गावातल्या नॉर्थ ब्रिजपाशी इंग्रज पलटणीच्या गोळीने मारला गेला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा तो पहिलाच दिवस.

त्याच्याबद्दल बोलताना लोक एक शूर वाक्य सांगतात आणि थांबतात. ते वाक्य पुढे येईलच. पण त्या सकाळी तो रांगेच्या तोंडाशी का होता, याचे अर्धे उत्तर त्याच्या दुकानात सापडते.

मिलिशिया आणि मिनिटमन यांत फरक काय?

मिलिशिया म्हणजे गावाची नागरी फौज. साधारण १६ ते ६० वयाच्या धडधाकट पुरुषांना तीत नाव घालावेच लागे, म्हणजे ती ऐच्छिक नव्हती. मिनिटमन मात्र त्यांतूनच स्वखुशीने पुढे आलेले. ऑक्टोबर १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे वसाहतवाल्यांच्या स्वतःच्या प्रतिनिधिसभेने, ठराव केला: मिलिशियाच्या निदान चौथ्या हिश्श्याने वेगळी नावे नोंदवावीत, निदान ५० शिपायांच्या कंपन्या कराव्यात आणि निरोप येताच निघता येईल अशा तयारीत राहावे. ‘मिनिटात तयार’ म्हणून मिनिटमन.

ॲक्टनमध्ये अशा तीन कंपन्या होत्या. दोन नेहमीच्या मिलिशियाच्या, एक जोसेफ रॉबिन्सची आणि एक सायमन हंटची. तिसरी मिनिटमनांची, ती डेव्हिसची. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचा सगळा घोळ होतो, कारण पुलावर दोन्ही प्रकारचे लोक होते.

त्याला कॅप्टन कोणी केले?

त्याच्या शिपायांनीच. वरच्या ठरावानुसार प्रत्येक कंपनीने आपला एक कॅप्टन आणि दोन लेफ्टनंट मते देऊन निवडायचे होते. डेव्हिसची निवड नोव्हेंबर १७७४ मधली.

यात एक मेख आहे. जुन्या मिलिशियाचे अधिकारी राजाच्या गव्हर्नरच्या सनदेवर नेमलेले असत आणि तो गव्हर्नर, थॉमस गेज, स्वतः इंग्रज फौजेचा सेनापती होता. म्हणून गावोगावी जुन्यांना राजीनामे द्यायला लावून नवे अधिकारी निवडले गेले. निवडून आलेल्या कॅप्टनची अडचण अशी की त्याच्या हाताखाली कोण? शेजारी, गिऱ्हाईक, चुलतभाऊ. दटावून काम होत नाही. हुकूम मानला जातो तो माणसावरच्या विश्वासामुळे. डेव्हिसचा सख्खा भाऊ एझिकिएलही रांगेत होता.

सराव किती आणि कसला?

डेव्हिसची कंपनी आठवड्यातून दोनदा जमे. प्रांतिक काँग्रेसची डिसेंबरमधली सूचना तीनदा जमण्याची होती, पण तिथली थंडी आणि शेतीची कामे पाहता दोनदाही कमी नव्हते. बहुतेक गावांत सराव म्हणजे कवायत: रांग धरणे, वळणे, बंदूक भरण्याच्या हालचाली कोरड्याच करणे. बंदुकीची दारू महाग आणि दुर्मीळ असल्याने खरा बार क्वचितच काढला जाई. डेव्हिसच्या घरामागे मात्र नेमबाजीची जागा होती आणि त्याची माणसे तिथे खरोखर गोळ्या झाडत.

प्रत्येकाजवळ काय काय असायला हवे होते?

चालू स्थितीतली बंदूक, संगीन, काडतुसांची पेटी, पाठपिशवी आणि ३० बार पुरतील इतकी काडतुसे व गोळ्या. कागदावर ही यादी सोपी दिसते. प्रत्यक्षात बहुतेक गावांचे घोडे संगिनीपाशी अडले.

संगिनीपाशी का अडले?

कारण बंदुका घरच्या होत्या. कुणाची आजोबांची, कुणाची फ्रेंचांशी झालेल्या लढाईत मिळालेली, कुणाची पक्षी मारायची लांब नळीची. इंग्रज पलटणीत सगळ्यांना एकाच नमुन्याची बंदूक मिळे, त्यामुळे एकाची संगीन दुसऱ्याच्या बंदुकीला साधारण बसे. गावात तसे शक्य नव्हते.

संगिनीचा खालचा भाग पोकळ नळकांड्यासारखा असतो आणि तो बंदुकीच्या नळीच्या तोंडावरून खाली सरकवून फिरवायचा असतो. नळीवर एक छोटे टोक असते, ते नळकांड्याच्या खाचेत अडकते. यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात:

नळीची बाहेरची जाडी आणि नळकांड्याचे आतले माप. सैल बसली तर संगीन पहिल्याच धक्क्याला निखळते, घट्ट असली तर ऐनवेळी चढतच नाही.

लाकडी दस्ता. शिकारीच्या बंदुकीत लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत येते. नळकांड्याला जागा करायला पुढचे तीनेक इंच लाकूड छाटावे लागते.

अडकवायचे टोक. ते नसेल तर नळीवर पितळेने झाळून बसवावे लागते, तेही नळीला जास्त ताव न देता.

हे काम एकेका बंदुकीसाठी वेगळे. त्याला लोहाराची भट्टी, कानस आणि बंदुकीची जाण लागते. ॲक्टनच्या कॅप्टनजवळ तिन्ही होत्या. त्याने आपल्या कंपनीला संगिनी बसवून दिल्या आणि काडतुसांच्या पेट्याही करून दिल्या. पेटी म्हणजे भोके पाडलेला लाकडाचा ठोकळा, वर चामड्याचे झाकण. प्रत्येक भोकात एक काडतूस.

काडतूस आणि दारूचे शिंग यांत इतका काय फरक?

वेळेचा. शिंगातून दारू मापात ओतायची, मग पिशवीतून गोळी काढायची, मग कपड्याचा तुकडा. शिकारीला ठीक, लढाईत उशीर. काडतूस म्हणजे कागदाच्या पुंगळीत एका बाराची दारू आणि गोळी आधीच बांधलेली.

बंदूक भरायची कशी, आणि चुकायचे कुठे?

चकमकीच्या बंदुकीचा क्रम असा. घोडा अर्धा ओढून ठेवायचा. काडतुसाचे टोक दाताने फाडायचे. थोडी दारू नळीच्या भोकाशेजारच्या छोट्या वाटीत टाकायची. या दारूलाच रंजक म्हणतात. वाटीवरचे पोलादी झाकण मिटायचे. बंदूक उभी धरून उरलेली दारू नळीत, तिच्यामागून गोळी आणि कागद. गजाने ठासायचे. गज परत जागेवर. घोडा पूर्ण ओढायचा, नेम धरायचा, चाप दाबायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी.

आता चुका. सर्वांत नेहमीची म्हणजे रंजक भडकते पण बार उडत नाही. वाटीपासून नळीत जाणारे भोक राखेने बुजलेले असते; तारेने ते मोकळे करत राहावे लागते. दुसरी, गार म्हणजे ठिणगी पाडणारा दगड बोथट होणे. वीस-तीस बारांनंतर तिला धार काढावी किंवा ती बदलावी लागते. तिसरी, दमट हवा. चौथी घाबरलेल्या माणसाची: पहिला बार उडालाच नाही हे गडबडीत कळत नाही आणि तो त्यावरच दुसरा ठासतो. पाचवी, गज नळीतच विसरणे. तो गोळीबरोबर उडून जातो आणि मग बंदुकीची काठी होते.

नेमाचे म्हणाल, तर गुळगुळीत नळीची ही बंदूक पन्नास यार्डांवर कामाची, शंभरावर नशिबाची.

१९ एप्रिलच्या पहाटे काय झाले?

कॉन्कर्डमध्ये साठवलेली दारू, तोफा आणि धान्य नष्ट करण्यासाठी लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथच्या हाताखाली सुमारे ७०० इंग्रज शिपाई रात्री बॉस्टनहून निघाले. उजाडताना लेक्सिंग्टनच्या मैदानावर पहिली चकमक झाली आणि तिथले आठ गावकरी ठार झाले. ॲक्टनमध्ये घोडेस्वाराचा निरोप पहाटेच जोसेफ रॉबिन्सच्या दारात पोहोचला होता. त्याच्या दहा वर्षांच्या मुलाला घोड्यावर बसवून पुढे डेव्हिसकडे पाठवले गेले.

डेव्हिसची पत्नी हॅना हिने पुढे सांगितल्याप्रमाणे बरीच माणसे घरी जमली आणि त्यांनी तिथेच बसून काडतुसे वळली. सूर्य उगवून एक-दोन तास झाल्यावर कंपनी निघाली. कॉन्कर्डचा पूल तिथून सुमारे ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटर.

जाताना त्याने बायकोला काय सांगितले?

चार मुले होती, धाकटे सव्वा वर्षाचे. त्या सकाळी सगळी आजारी होती, काहींना घशाची सूज आणि अंगावर पुरळ आणणारा ताप. हॅनाच्या आठवणीप्रमाणे तो फारसे बोलला नाही. निघताना मागे वळला, काही सांगायचे असावे असे वाटले, आणि एवढेच म्हणाला: मुलांना नीट सांभाळ. ही जबानी १८३५ मधली, म्हणजे घटनेला साठ वर्षे झाल्यावरची, तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. शब्दन्‌शब्द धरू नये, पण इतके साधे वाक्य कुणी नंतर रचेल असेही वाटत नाही.

घुबडाची गोष्ट खरी आहे का?

ॲक्टनमध्ये सांगतात की काही दिवस आधी एक मोठे घुबड घरात शिरले आणि डेव्हिसच्या आवडत्या बंदुकीवर बसले. त्याने ते हाकलू दिले नाही आणि घरच्यांनी तो अपशकुन मानला. मराठी वाचकाला हे सांगायला नकोच. आपल्याकडे घुबड छपरावर जरी बसले तरी चर्चा होते. ही ऐकीव कथा आहे, पुरावा नव्हे. पण न्यू इंग्लंडच्या कर्मठ ख्रिस्ती घरातही घुबडाला तोच मान होता, याची गंमत वाटते.

पुलावर ॲक्टनची कंपनीच सर्वांत पुढे का?

पुलाच्या पश्चिमेला उंचवट्यावर आसपासच्या गावांचे सुमारे ४०० लोक जमले होते. पुलावर कॅप्टन वॉल्टर लॉरीचे शंभराच्या आत-बाहेर इंग्रज शिपाई. बाकी चार कंपन्या पूल ओलांडून कर्नल जेम्स बॅरेटच्या शेतावर झडतीला गेल्या होत्या. तेवढ्यात गावातून धूर दिसला. शिपाई तोफांचे लाकडी गाडे जाळत होते आणि आग गावच्या चावडीला लागली होती. उंचवट्यावरून पाहणाऱ्यांना वाटले, गावच पेटवले. अडज्युटंट, म्हणजे सेनापतीचा मदतनीस अधिकारी, जोसेफ हॉस्मरने विचारले की गाव जळू देणार आहात का?

गावकऱ्यांच्या फौजेचा प्रमुख हाच बॅरेट. त्याने पुढे जायचा हुकूम दिला, पण समोरून गोळी आल्याशिवाय झाडू नका असे बजावून. ही अट फार महत्त्वाची. गोळी न झाडता पूल घ्यायचा तर हातात संगीन हवी. संगिनी लावलेली कंपनी डेव्हिसची. ‘माझ्याकडे जायला घाबरणारा एकही माणूस नाही’, हे त्याचे गाजलेले वाक्य याच वेळचे. ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले आहे, त्याच दिवशी कुणी लिहून ठेवलेले नाही. आमच्या मते मात्र बॅरेटच्या त्या अटीमुळे संगिनींना जे वजन आले, त्याने या निर्णयात वाक्यापेक्षा जास्त काम केले.

मेजर जॉन बट्रिक, वेस्टफर्डचा लेफ्टनंट कर्नल जॉन रॉबिन्सन आणि डेव्हिस रांगेच्या तोंडाशी चालले. पुलाकडची वाट अरुंद, बाजूची कुरणे नदीच्या पाण्याने भरलेली, म्हणून दोघा-दोघांची लांब रांग. अशा रांगेत समोरच्या गोळीला तोंड देतात ती पहिली काही माणसे.

बासरी आणि ढोल खरेच वाजत होते का?

हो, कंपनीत ल्यूथर ब्लँचर्ड नावाचा बासरीवाला होता आणि तो पुलावर जखमीही झाला. ‘व्हाइट कॉकेड’ ही स्कॉटिश धून वाजत होती ही परंपरा नंतरची आहे. ती इंग्रज राजघराण्याविरुद्धच्या बंडाची धून असल्याने गोष्टीत चपखल बसते, म्हणूनच जरा जपून घ्यावी.

गोळीबाराचा क्रम काय?

लॉरीची माणसे पूर्वेकडच्या काठावर मागे सरली आणि पुलाच्या काही फळ्या उखडू लागली. बट्रिकने ओरडून थांबवायला सांगितले. मग इंग्रजांकडून एक-दोन तुरळक गोळ्या नदीत पडल्या, आणि लगोलग एकदम बार झाला. त्यात डेव्हिस आणि त्याच्या कंपनीचा शिपाई ॲब्नर हॉस्मर जागीच ठार झाले. हॉस्मरच्या डोक्यात गोळी लागली. बट्रिक ओरडला, देवासाठी झाडा, गड्यांनो, झाडा! उलट बारात इंग्रजांचे आठपैकी चार अधिकारी जखमी झाले आणि तीन शिपाई मेले. त्यांतला एक जखमी पडलेला असताना एका गावकऱ्याने कुऱ्हाडीने मारला. या कृत्याची लाज गावाला पुढे बरीच वर्षे होती.

पलटणीची शिस्त असूनही इंग्रज का हटले?

लॉरीने माणसांची रचना गल्लीत लढण्यासारखी केली: अरुंद रांग, पुढच्यांनी झाडून मागे जायचे, मागच्यांनी पुढे यायचे. गल्लीत ही उत्तम. उघड्या काठावर मात्र एका वेळी थोड्याच बंदुका कामी येतात, तर समोरची वाकडी पसरलेली रांग एकदम झाडू शकते. शिवाय पुष्कळ गोळ्या डोक्यावरून गेल्या. उतारावर आणि घाईत नेम उंच जातो, हा त्या बंदुकीचा जुना रोग.

डेव्हिस कसा मेला?

गोळी हृदयात शिरली. बहुतेक वर्णनांनुसार तो बंदूक उचलत होता. रक्त शेजारच्यांच्या अंगावर उडाले, त्यांत थॉमस थॉर्प नावाचा शिपाई होता, ज्याने म्हातारपणी जबानी दिली. वाचवायला कुणाला अवसरच नव्हता. दुपारी प्रेत घरी आणले आणि अंत्यविधीपर्यंत हॅनाच्या खोलीत ठेवले. चेहरा प्रसन्न होता, फारसा बदलला नव्हता, असे ती म्हणे.

तो क्रांतियुद्धात मेलेला पहिला अमेरिकन अधिकारी का?

असे सर्रास लिहितात. पण लेक्सिंग्टनला त्याच पहाटे मेलेल्या आठांत रॉबर्ट मन्रो होता आणि तो तिथल्या कंपनीचा एन्साइन, म्हणजे कनिष्ठ अधिकारीच. म्हणून ‘पहिला कॅप्टन’ म्हणावे, ते बिनचूक.

ॲक्टनचे आणखी कोण गेले?

हॉस्मरखेरीज जेम्स हेवर्ड. इंग्रज परतीच्या वाटेवर असताना लेक्सिंग्टनच्या हद्दीत एका विहिरीपाशी तो आणि एक इंग्रज शिपाई समोरासमोर आले आणि दोघांनी एकाच वेळी चाप ओढले. शिपाई तिथेच पडला, हेवर्ड काही तासांनी गेला. गोळी त्याचे दारूचे शिंग भेदून आत गेली होती. भोक पडलेले ते शिंग ॲक्टनच्या ग्रंथालयात आहे. दिवसभरात इंग्रजांचे ७३ आणि वसाहतवाल्यांचे ४९ मेले.

हॅनाचे पुढे काय झाले?

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ती विधवा झाली. पुढे दोनदा लग्न केले, तिन्ही नवऱ्यांच्या मागे राहिली आणि १८४१ मध्ये वारली.

ॲक्टन आणि कॉन्कर्ड यांचे भांडण कशावरून?

श्रेयावरून. पूल कॉन्कर्डचा, पण तिथे मेलेले दोघे ॲक्टनचे. १८३५ मध्ये लेम्युएल शॅटकने कॉन्कर्डचा इतिहास छापला. ॲक्टनवाल्यांना त्यात आपला कॅप्टन कोपऱ्यात ढकललेला दिसला. जोसाया अ‍ॅडम्सने हा वाद अंगावर घेतला आणि हयात म्हाताऱ्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या. हॅनाची आणि थॉर्पची जबानी आपल्याला मिळाली ती या भांडणामुळे. गावकीची चुरस नेहमीच वाया जात नाही, हे खरे.

त्याला कुठे पुरले आहे?

आधी गावच्या दफनभूमीत. १८५१ मध्ये ॲक्टनच्या चौकात ७५ फूट उंच ग्रॅनाइटचा स्तंभ उभा राहिला आणि डेव्हिस, हॉस्मर व हेवर्ड यांचे अवशेष त्याखाली हलवले.

पुलाजवळचा पुतळा डेव्हिसचाच का?

पुतळ्याचे नाव ‘मिनिटमन’, कुणा एका माणसाचे नाही. डॅनियल चेस्टर फ्रेंच या तरुण शिल्पकाराने तो घडवला आणि १९ एप्रिल १८७५ रोजी, शंभराव्या स्मृतिदिनी, त्याचे अनावरण झाले. डेव्हिसचे चित्र उपलब्ध नसल्याने वंशजांच्या चेहऱ्यांवरून चेहरेपट्टी घेतली असे सांगतात. कांसे आले ते निकामी तोफांतून. एका हातात बंदूक, दुसरा हात नांगरावर. चौथऱ्यावर कवी इमर्सनच्या कवितेचे कडवे कोरले आहे. मॅसॅच्युसेट्सच्या २००० सालच्या पाव डॉलरच्या नाण्यावर हाच पुतळा आहे. लेक्सिंग्टनच्या चौकातला वेगळा; तो १९०० मधला, आणि तो पाहून लोक लेक्सिंग्टनच्या कंपनीचा कॅप्टन जॉन पार्कर याचे नाव घेतात.

याचा मराठी इतिहासाशी काही संबंध?

ओढूनताणून जोडू नये. एवढेच की ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चहावरून बॉस्टनमध्ये ठिणगी पडली, तिच्याच मुंबईकर अधिकाऱ्यांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला. डेव्हिस मेला त्यानंतर महिन्याभरात, १८ मे रोजी, गुजरातेत आडासला हरिपंत फडक्यांची फौज कंपनीच्या पलटणींशी लढली.

बॉस्टन परिसरात मुलाकडे किंवा मुलीकडे आलो आहोत, काय पाहावे?

मिनिटमन नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमधला नॉर्थ ब्रिज, मग ॲक्टनचा स्तंभ आणि ग्रंथालय. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, ॲक्टनहून पुलापर्यंत डेव्हिसच्या वाटेने पहाटे पदयात्रा निघते. त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन असल्याने शहराकडचे अनेक रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी आदल्या दिवशीच कुठे लावायची ते ठरवा. बर्फ वितळण्याचा हंगाम, चिखल असतो. साधे बूट नकोत.

पुलावर बहुतेक जण एक चूक करतात. पूर्वेकडून येताना आधी एक दगडी स्तंभ लागतो, १८३६ चा, आणि फोटो तिथेच काढले जातात. पण त्या काठावर इंग्रज उभे होते. डेव्हिस पडला तो पलीकडे, पुतळ्याच्या बाजूला. तेवढा पूल ओलांडून जा.